इंग्रजी म्हणींतील जनावरें व शेतकऱ्याचा व्यवहार

इंग्रजी भाषा शिकणारास तिचे शब्द पाठ करणें फारसें अवघड जात नाहीं, आणि व्याकरणाचे नियमही नेटानें अभ्यास केल्यास अंगवळणीं पडतात. खरी अडचण त्यापुढें येते. वाक्यांतला प्रत्येक शब्द ओळखीचा, पण सगळें वाक्य मिळून अनोळखी, असा प्रसंग वारंवार येतो. आणि नीट पाहूं गेलें असतां त्या वाक्यांत बहुधा एखादें जनावर दडून बसलेलें आढळतें. पत्र द्राक्षांविषयीं, आणि मध्येंच डुक्कर. बातमी सोयाबीनच्या भावाची, आणि तींत अस्वल. बँकेचें पत्रक म्हातारपणच्या तरतुदीविषयीं, आणि त्यांत घरट्यांतलें अंडें!

हा विषय शेतीच्या मासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हल्लीं शेतकऱ्याचा इंग्रजीशीं संबंध शाळेपुरता राहिलेला नाहीं. नाशिककडील द्राक्षें युरोपांत जातात. तेलबियांच्या भावावर शिकागोच्या बाजाराची छाया पडते. औषधें, बियाणें, यंत्रें यांचीं माहितीपत्रकें इंग्रजींत येतात. घरांतला शिकलेला मुलगा अगर मुलगी तीं वाचून वडिलांस अर्थ सांगते, आणि त्या अर्थावर माल ठेवावा कीं विकावा हें ठरतें. समजा, एका बागाईतदारास परदेशच्या व्यापाऱ्याचें पत्र आलें, आणि त्यांत ‘वुई डू नॉट बाय अ पिग इन अ पोक’ असें वाक्य आहे. मुलानें शब्दकोश उघडून ‘पिग म्हणजे डुक्कर’ असें सांगितलें, आणि आपल्या मालास डुकराची उपमा दिली म्हणून बागाईतदारानें रागाचें उत्तर धाडलें, तर व्यवहार तेथेंच तुटला. वास्तविक व्यापाऱ्याचें म्हणणें इतकेंच कीं, माल पाहिल्याशिवाय आम्ही घेत नाहीं. आधीं नमुना दाखवा. एका पेटीनें जें काम झालें असतें तें एका म्हणीनें बिघडलें. आणि तोडलेला घड मनुष्याचा राग शांत होईपर्यंत वाट पाहत नाहीं.

म्हण उलगडण्याची रीत

म्हणी पाठ करून संपत नाहींत. पण त्या उलगडण्याची एक रीत आहे, ती शेतकऱ्यास इतरांपेक्षां लवकर साधते. इंग्रजी म्हणींतील बहुतेक जनावरें इंग्लंडच्या शेतांतून, गोठ्यांतून व आठवड्याच्या बाजारांतून आलेलीं आहेत. म्हणून जनावर दिसतांच तीन प्रश्न क्रमानें विचारावे. पहिला, हें जनावर त्या देशांत काय काम करीत असे? दुसरा, त्या कामांतला कोणता गुण अगर दोष येथें घेतला आहे? तिसरा, तेंच काम आपल्या गांवांत कोणतें जनावर करितें? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें म्हणजे मराठी म्हण पुष्कळदां आपोआप ओठांवर येते. थोडक्यांत, भाषांतर जनावराचें करूं नये. त्याच्या कामाचें करावें.

घोडा

इंग्रजींत घोड्याच्या म्हणी फार. इंग्लंडांतही मध्ययुगांत नांगर बहुधा बैलच ओढीत. पुढें हळूहळू घोड्यानें ती जागा घेतली. ससेक्स परगण्यांत कांहीं शेतांवर बैलांचे नांगर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालत असत. ‘ॲज स्ट्राँग ॲज ॲन ऑक्स’, म्हणजे बैलासारखा बळकट, हा शब्दप्रयोग त्या जुन्या दिवसांची आठवण होय. एरवीं आपल्या म्हणींत जेथें बैल येतो तेथें इंग्रजींत बहुधा घोडा येतो.

‘टु लॉक द स्टेबल डोअर आफ्टर द हॉर्स हॅज बोल्टेड’ ही म्हण पाहा. घोडा पळून गेल्यावर तबेल्यास कुलूप लावणें, असा तिचा शब्दार्थ. आपल्या वाचकांपैकीं लहान मुलगाही सांगेल कीं, ही म्हणजे ‘बैल गेला आणि झोपा केला’. तेथें तबेला, येथें गोठा. तेथें कुलूप, येथें गवताकाड्यांचा झोपा. पण पश्चात्ताप एकच. पिकाचा विमा पाऊस पडून गेल्यावर उतरावयास जाणारास दोन्ही भाषा सारखाच बोल लावतात.

याहूनही मौजेची म्हण ‘डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ’ ही होय. घोड्यास पक्के पुढचे दांत अडीच वर्षांच्या सुमारास येऊं लागतात व पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. पुढें दांतांच्या झिजेवरून वय ताडतात. म्हणून घेणारा आधीं घोड्याचें तोंड उघडतो. पण कोणी घोडा फुकट दिला असतां त्याच्या देखत तोंड उघडून दांत मोजणें हा असभ्यपणा. जॉन हेवुड यानें १५४६ सालीं इंग्रजी म्हणींचा संग्रह छापला, त्यांतही ही म्हण आहे. आतां आपली जुनी म्हण आठवावी: ‘धर्माचे गायी, दांत कां गे नाहीं?’ आपल्या बाजारांत आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला असे जनावराचे दांत पाहूनच भाव ठरतो. म्हणून दांत कायम राहिले आणि घोड्याच्या जागीं गाय आली. दोन दूरच्या देशांतील शेतकऱ्यांनीं एकमेकांस न विचारतां एकच गोष्ट सांगितली, कारण दोघांचाही बाजार दांतांवर चाले. ‘लाँग इन द टूथ’, म्हणजे लांब दातांचा, याचा अर्थ म्हातारा झालेला, हेंही आतां निराळें सांगावयास नको. वय वाढतें तशा घोड्याच्या हिरड्या मागें सरतात व दांत लांब दिसतात.

हेवुडच्याच संग्रहांत आणखी एक म्हण आहे, तिचा अर्थ असा कीं, घोड्यास पाण्यावर नेतां येतें, पण पाणी पाजणें आपल्या हातीं नाहीं. शेतकी खात्याच्या प्रत्येक अधिकाऱ्यानें ही लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सल्ला देतां येतो, पटवून घेणें ज्याचें त्याच्यापाशीं. ‘टु पुट द कार्ट बिफोर द हॉर्स’ म्हणजे गाडी पुढें व घोडा मागें जुंपणें, कामाचा क्रम उलटा करणें. विहिरीस पाणी लागण्यापूर्वीं पंप विकत घेणारा हेंच करितो. ‘होल्ड युवर हॉर्सेस’ म्हणजे लगाम खेंचा, जरा थांबा. ‘डार्क हॉर्स’ हा शर्यतीच्या मैदानावरील शब्द असून ज्याच्या अंगचें पाणी कोणास ठाऊक नाहीं असा घोडा, असा त्याचा अर्थ. डिझरायली याच्या १८३१ सालच्या एका कादंबरींत असा एक घोडा अनपेक्षितपणें पुढें येतो. पुढें हा शब्द निवडणुकींत शिरला, आणि १८४४ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदावर निवडून आलेल्या जेम्स पोक यास तो लागला. ‘हॉर्स ट्रेडिंग’ याचें तर ‘घोडेबाजार’ असें मराठी होऊन तें आमदार-खासदारांच्या फोडाफोडीच्या बातम्यांत रोज वाचावयास मिळतें. मूळ इंग्रजींत मात्र तो शब्द नुसत्या घासाघिशीच्या सौद्यासही लावतात. तेव्हां व्यापारी पत्रांत तो दिसला म्हणून लगेच लाचलुचपतीचा संशय घेऊं नये.

घोड्याचा एक अवशेष तर आपल्या विहिरीवरच बसला आहे. पंपावर जी ‘एच. पी.’ अशी अक्षरें असतात ती ‘हॉर्स पॉवर’, म्हणजे अश्वशक्ति. जेम्स वॅट यास आपलें वाफेचें यंत्र किती घोड्यांचें काम करील हें गिऱ्हाइकांस समजावून सांगावयाचें होतें. म्हणून त्यानें एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणें, हें एका घोड्याचें काम धरलें. विजेच्या मापानें तें सुमारें ७४६ वॅट होतें. घोडे गेले, वाफेचीं यंत्रेंही गेलीं, माप राहिलें.

बैल, अस्वल व गाय

बाजारभावाच्या इंग्रजी बातम्यांत ‘बुल’ व ‘बेअर’ हे दोन शब्द पदोपदीं येतात. बुल म्हणजे तेजीवाला, बेअर म्हणजे मंदीवाला. ‘बुलिश’ म्हणजे भाव चढतील अशा मताचा, ‘बेअरिश’ म्हणजे उतरतील अशा मताचा. येथें एक घोटाळा संभवतो. ‘बेअर’ या उच्चाराचे इंग्रजींत सोसणें, उघडा, अस्वल असे निरनिराळे अर्थ आहेत. आणि ‘सोसणें’ हा अर्थ धरून ‘बाजार अजून सोसून धरील’ असें कोणी वाचलें, तर विकण्याच्या वेळीं माल कोठींत पडून राहील. भावाच्या बातमींत बेअर हें अस्वलच समजावें.

अस्वल मंदीचें चिन्ह कां झालें, हें समजून घेण्यासारखें आहे. अस्वल मारण्यापूर्वीं त्याचें कातडें विकूं नये, अशी युरोपांत जुनी म्हण आहे. लंडनच्या बाजारांत जे दलाल हातीं नसलेला माल आज विकीत व पुढें भाव उतरल्यावर स्वस्तांत घेऊन भरपाई करूं पाहत, त्यांस या म्हणीवरून अस्वलाच्या कातड्याचे दलाल म्हणूं लागले, आणि पुढें नुसतें अस्वल उरलें. १७२० सालीं साउथ सी कंपनीच्या भागांचा फुगा फुटला, त्या काळांत हे शब्द चांगलेच रूढ झाले. बैल शिंगानें वर उडवितो व अस्वल पंजानें खालीं दाबतें, असें जें सांगतात तें ध्यानांत ठेवण्यास सोयीचें आहे, पण तें मूळ नव्हे. मूळ आपल्या ‘बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी’ या म्हणीच्या जवळचें आहे. हातीं नसलेल्या वस्तूवर व्यवहार करणें, हाच दोहोंचा गाभा.

‘टु टेक द बुल बाय द हॉर्न्स’ म्हणजे अंगावर येणाऱ्या वळूचीं शिंगें धरणें, संकटास समोरून भिडणें. ‘टिल द काउज कम होम’ म्हणजे गाई घरीं येईपर्यंत, फार वेळ. सांजवेळीं चरून रमतगमत येणाऱ्या गाई ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस याचा अर्थ विचारावा लागत नाहीं.

‘कॅश काउ’ म्हणजे फार खर्च न करितां नियमानें पैसा देणारा धंदा. १९७० सालीं अमेरिकेंतील बोस्टन कन्सल्टिंग ग्रूप या संस्थेच्या ब्रूस हेंडरसन यानें कंपन्यांच्या निरनिराळ्या धंद्यांची चार प्रकारांत विभागणी केली, तींत एका प्रकारास गाय हें नांव असल्यानें हा शब्द व्यापारी जगांत पसरला. पण तो वाचतांना शेतकऱ्यानें एक शंका मनांत ठेवावी. खाद्य न घालतां दूध देणारी गाय आजवर कोणी पाहिलेली नाहीं. कोणतेंही पीक अगर जोडधंदा ‘कॅश काउ’ म्हणून कोणी गळ्यांत बांधूं लागला, तर चाऱ्याचा हिशेब आधीं मागावा. ‘सेक्रेड काउ’ म्हणजे पवित्र गाय. ज्यावर टीका करण्याची सोय नाहीं अशी संस्था अगर कल्पना. हिंदूंच्या गोपूजेवरूनच हा शब्द इंग्रजींत गेला. मात्र तेथें त्यांत थोडी थट्टा असते, पूज्यभाव नसतो. आपण ‘गरीब गाय’ म्हणतों तेव्हां कींव व माया असते. इंग्रजींत स्त्रीस ‘काउ’ म्हणणें ही शिवी आहे. तेव्हां हा शब्द माणसास कधींही लावूं नये.

मेंढी, बकरा व लांडगा

लोकर ही कित्येक शतकें इंग्लंडची मोठी संपत्ति होती. म्हणून मेंढीच्या म्हणी व्यापारांत सहज मुरल्या. काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढत नाहीं, सबब तिला भाव कमी. त्यावरून ‘ब्लॅक शीप’ म्हणजे घराण्यास बट्टा लावणारा. ‘टु फ्लीस’ म्हणजे लोकर कातरणें, आणि त्यावरून गिऱ्हाइकास नागविणें. ‘बेलवेदर’ या शब्दांत ‘वेदर’ म्हणजे हवा नव्हे. खच्ची केलेला मेंढा. त्याच्या गळ्यांत घंटा बांधीत व सारा कळप त्याच्या मागें जाई. बातमीपत्रांत एखाद्या बाजारास ‘बेलवेदर’ म्हटलें असेल, तर तो ज्या दिशेस जाईल त्या दिशेस बाकीचे जातील, असा अर्थ घ्यावा. ज्यांनीं धनगरांचे वाडे शेतांत बसविले आहेत त्यांस हा मेंढा परका नाहीं.

‘टु स्पॉइल द शिप फॉर अ हेपर्थ ऑफ टार’ ही म्हण वरून जहाजाची दिसते: अर्ध्या पेनीच्या डांबरासाठीं जहाज बुडविणें. पण मूळ म्हण जहाजाची नसून मेंढराची आहे. मेंढराच्या जखमेवर माशा बसून किडे पडूं नयेत म्हणून डांबर लावीत. तेवढें डांबर न लावल्यानें मेंढरूं गमावलें, असा तिचा खरा अर्थ. कांहीं बोलींत ‘शीप’चा उच्चार ‘शिप’ असा होई, आणि समुद्रावर वावरणाऱ्या त्या लोकांस जहाज जवळचें वाटलें. थोड्या रुपयांची लस अगर औषध वांचविण्यासाठीं जनावर घालविणें हा प्रकार आपल्याकडे अजून पाहावयास मिळतो. म्हणून ही एक म्हण तरी प्रत्येक गोठ्यांत लिहून ठेवावी असें आम्हांस वाटतें.

‘स्केपगोट’ या शब्दाचें आपण ‘बळीचा बकरा’ असें भाषांतर करितों. तें जवळचें आहे, पण तंतोतंत नाहीं. बायबलच्या जुन्या करारांतील विधींत दोन बकरे असत. एकाचा बळी देत. दुसऱ्याच्या माथीं लोकांचीं पापें ठेवून त्यास जिवंत रानांत हांकलून देत. या दुसऱ्या बकऱ्यासाठीं विल्यम टिंडेल यानें १५३० सालच्या आपल्या भाषांतरांत हा शब्द घडविला. तेव्हां बळीचा बकरा मारला जातो, तर स्केपगोट दुसऱ्याचा दोष अंगावर घेऊन निघून जातो. चौकशीच्या अहवालांत हा भेद महत्त्वाचा. कारण ‘त्यास स्केपगोट केलें’ याचा अर्थ दोष खरोखर दुसऱ्याचा होता, असा होतो.

मेंढराच्या कातड्यांतला लांडगा हा बायबलमधलाच. गोड बोलून घात करणारा. लांडगा आल्याची खोटी हांक मारणारा गुराखी मात्र इसापाचा. तो आपल्याकडे ‘लांडगा आला रे आला’ म्हणून इतका रुळला आहे कीं, परका वाटत नाहीं. तसेंच ‘कोल्ह्याला द्राक्षें आंबट’, ‘सिंहाचा वाटा’ व ‘मांजराच्या गळ्यांत घंटा’ यांचें. इसापाच्या कथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच मराठींत छापल्या गेल्या व शाळांतून घरोघर पोंचल्या. जेथें दोन्ही भाषांचें मूळ एक आहे तेथें शब्दशः भाषांतर बिनधोक चालतें. पण असे प्रसंग थोडे.

कोंबडी

कोंबडीच्या म्हणी पैशाच्या व्यवहारांत फार उपयोगी पडतात. ‘डोन्ट काउंट युवर चिकन्स बिफोर दे हॅच’ म्हणजे अंडीं उबून पिलें बाहेर पडण्यापूर्वीं तीं मोजूं नका. व्यापाऱ्यानें असें लिहिलें, तर मागणी अद्याप पक्की झालेली नाहीं, असा इशारा समजावा. त्या भरंवशावर माल तोडूं नये, कीं कर्ज काढूं नये.

‘नेस्ट एग’ म्हणजे घरट्यांतलें अंडें. जेथें अंडें दिसेल तेथें कोंबडी दुसरें घालते. म्हणून इंग्रज शेतकरीण खरें अगर चिनी मातीचें एक अंडें घरट्यांत तसेंच राहूं देई. त्यावरून पुढें वाढावी म्हणून न मोडतां ठेवलेली शिल्लक, असा अर्थ झाला. बँकेच्या व विम्याच्या पत्रकांत हाच अर्थ असतो. म्हणीचें तात्पर्य पत्रकाहूनही मोलाचें आहे: ठेवलेलें एक अंडें खाऊन टाकलें, तर पुढचीं अंडीं भलतीकडेच जातात.

‘चिकन फीड’ म्हणजे कोंबड्यांपुढें टाकण्याचे दाणे, क्षुल्लक रक्कम. ‘टु कम होम टु रूस्ट’ म्हणजे दिवसभर हिंडून पाखरें सांजेस घरीं परततात तशीं आपलीं दुष्कृत्यें आपल्याकडेच परत येणें. आपण ‘पेरावें तसें उगवतें’ म्हणतों. ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्द नवा असून शास्त्रांतून आलेला आहे. नॉर्वेचा शेल्डरुप-एबे यानें बालपणापासून कोंबड्यांचें निरीक्षण करून १९२१ सालीं आपला प्रबंध सादर केला. कोणती कोंबडी कोणास टोंचते व कोणाकडून टोंचून घेते याचा कळपांत ठराविक क्रम असतो, असें त्यानें दाखविलें. कचेरींतील वरिष्ठ-कनिष्ठांच्या उतरंडीस हा शब्द आतां लावतात. आणि तीस वर्षांवर महसुली कचेरींत घालविल्यावर आम्हांस तो समजावून घ्यावा लागला नाहीं.

डुक्कर, मांजर व कुत्रा

‘पिग इन अ पोक’ यांतील ‘पोक’ म्हणजे लहान पोतें. ‘पॉकेट’ हा शब्द त्याचाच धाकटा भाऊ. बाजारांत डुकराचें पिल्लूं पोत्यांत घालून विकावयास आणीत. जो पोतें न उघडतां पैसे देईल तो फसे. म्हणून पोत्यांतलें डुक्कर म्हणजे न पाहतां घेतलेला माल. ही म्हण खरें म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूची आहे. बियाण्याची पिशवी घेतांना तिजवरील चिठ्ठी, उगवणीचा टक्का व मुदत न वाचणारा, आणि जमीन घेतांना सात-बारा व फेरफार न पाहणारा, हे दोघेही पोत्यांतलें डुक्करच घेत असतात. ‘टु लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’, म्हणजे पिशवींतलें मांजर बाहेर सोडणें, याचा अर्थ गुपित फोडणें. डुकराऐवजीं मांजर भरून फसवीत, त्यावरून ही आली, अशी लोकप्रिय गोष्ट आहे; पण जाणते लोक ती पक्की धरीत नाहींत. अर्थ मात्र पक्का आहे.

‘डॉग इन द मेंजर’ म्हणजे गव्हाणींतला कुत्रा. स्वतः कडबा खाईना व बैलासही खाऊं देईना. सामाईक बांधावरचा रस्ता स्वतः न वापरतां दुसऱ्याचा अडविणारे आपल्या परिचयाचे आहेत. त्यांस हें नांव शोभतें. ‘लेट स्लीपिंग डॉग्ज लाय’ म्हणजे निजलेलीं कुत्रीं निजूं द्यावीं, मिटलेलें भांडण उकरूं नये. ‘इट रेन्स कॅट्स अँड डॉग्ज’ याचा अर्थ मुसळधार पाऊस पडतो. गवती छपरांवरून कुत्रीं-मांजरें खालीं पडत, ही गोष्ट मनगढंत आहे. आपल्या पावसांतून तरी मुसळें कोठें पडतात?

‘रेड हेरिंग’ म्हणजे मीठ व धूर देऊन लालसर झालेला मासा. विल्यम कॉबेट हा स्वतः शेतकरी व शेतीवर लिहिणारा पत्रकार. त्यानें १८०७ सालीं लिहिलें कीं, लहानपणीं हा वासाचा मासा ओढीत नेऊन आपण शिकारी कुत्र्यांस सशाच्या मागावरून भलतीकडे नेलें होतें. त्यावरून मूळ मुद्द्यावरून लक्ष उडविण्यासाठीं पुढें केलेली गोष्ट, असा अर्थ रूढ झाला. सभेंत हिशेब मागितला असतां जो चिटणीस देशाच्या परिस्थितीवर बोलूं लागतो, तो लाल मासाच ओढीत असतो.

फसवीं साम्यें

कांहीं जनावरें दोन्ही भाषांत असून त्यांचा स्वभाव निराळा आहे. घुबड आपल्याकडे अशुभ. इंग्रजींत, ग्रीकांच्या विद्यादेवतेचा पक्षी म्हणून, शहाणपणाचें चिन्ह. ‘ॲज वाइज ॲज ॲन आउल’ ही स्तुति आहे. उंदीर मारणाऱ्या या पक्ष्याविषयीं इंग्रजांचें मत शेतकऱ्यानें स्वीकारण्यास हरकत नाहीं. बैल म्हटलें म्हणजे आपल्या बोलण्यांत पुष्कळदां मूर्ख मनुष्य. इंग्रजींत ‘बुल’ म्हणजे दांडगें बळ. ‘व्हाइट एलिफंट’ ही सयाम देशाकडील आख्यायिका. राजा ज्यावर रुसे त्यास पांढरा हत्ती भेट देई, आणि पवित्र म्हणून त्यास कामास जुंपतां येत नसे, पोसावा मात्र लागे. तीन एकरांच्या धन्यानें कर्ज काढून घेतलेला मोठा ट्रॅक्टर हा या हत्तीचा सख्खा भाऊ.

वापराविषयीं चार नियम

पहिला: म्हणींतील शब्द अगर त्यांचा क्रम बदलूं नये, ‘डॉग्ज अँड कॅट्स’ असा पाऊस इंग्रजींत पडत नाहीं. दुसरा: वाचतांना जेथें जनावराचें प्रयोजन नाहीं तेथें जनावर दिसलें कीं थांबावें, व जाणत्यास विचारावें. तिसरा: अर्ज, करारनामा, पावती व तक्रार यांत म्हण कधींही घालूं नये. तेथें वजन, भाव, तारीख व अट सरळ शब्दांत लिहावी. दप्तरांत ज्या शब्दाचे दोन अर्थ निघतात त्याचा तिसरा अर्थ वकील काढतो. चौथा: समोरच्याच्या पत्रांतील म्हणीवरून राग धरण्यापूर्वीं, ‘आपल्या लिहिण्याचा अर्थ नमुना पाठवावा असाच ना?’ असें सरळ विचारावें. विचारण्यास एक ओळ लागते.

अभ्यास

पुढील वाक्यांचा अर्थ आधीं स्वतः लावावा.

(१) होल्ड युवर हॉर्सेस; द ट्रक हॅज नॉट लेफ्ट.
(२) द न्यू गोडाउन हॅज बिकम अ व्हाइट एलिफंट.
(३) ट्रेडर्स आर बेअरिश ऑन सोयाबीन.
(४) दॅट कमिशन इज चिकन फीड.
(५) द क्लार्क वॉज मेड अ स्केपगोट.

उत्तरें: (१) घाई करूं नका, मालमोटार अजून निघालेली नाहीं. (२) नवें गोदाम खर्चाचें व बिनउपयोगाचें ठरलें. (३) सोयाबीनचा भाव उतरेल असें व्यापाऱ्यांचें मत आहे. (४) ती दलाली अगदीं किरकोळ आहे. (५) दोष दुसऱ्याचा असून कारकुनाच्या माथीं मारला.

आपल्या म्हणीही इंग्रजांनीं हौसेनें गोळा केल्या. मॅनवेअरिंग नांवाच्या पाद्र्यानें १८९९ सालीं ऑक्सफर्ड येथें मराठी म्हणींचा संग्रह भाषांतरासह छापविला, त्यांत शेती व जनावरें यांविषयींच्या म्हणींस स्वतंत्र जागा दिली आहे. परक्यानें आपला गोठा इतक्या आस्थेनें पाहिला, तर त्याचा तबेला पाहण्यास आपण संकोचूं नये. आमची सभासदांस विनंति अशी कीं, घरांतील विद्यार्थ्यांनीं आठवड्यास दोन इंग्रजी म्हणी वहींत उतराव्या, आणि घरांतील वडील मंडळींनीं समोरच्या रकान्यांत त्यांच्या जोडीच्या मराठी म्हणी सांगाव्या. मुलांस इंग्रजी अर्थ ठाऊक असतो, वृद्धांस जनावर ठाऊक असतें. दोघे एकत्र बसल्याशिवाय ती वही पुरी होणार नाहीं.